कॅडेट मुलांचे नेमबाजीचे बिल्ले
(सिनेगॉगच्या सभागृहात दिलेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



गेली काही वर्षे मी लंडनमधील आर्मी कॅडेट फोर्सच्या एका तुकडीत स्वयंसेवक प्रशिक्षक म्हणून काम करीत आहे. आपल्या समाजातील काही मुलेमुली आता तेथे येऊ लागली आहेत, आणि त्यांच्यामागून त्यांच्या घरचे प्रश्नही. मागे एका आजींनी मला थांबवून विचारले, "नातीच्या हाती बंदूक देण्यासाठी तिच्या आईने सही करावयाची, ती कशासाठी? बाहीवरच्या एवढ्याशा कापडासाठी?" प्रश्न तिखट असला तरी रास्त होता. आज त्याचेच उत्तर देण्याचा विचार आहे.

प्रथम त्या कापडाविषयी. नेमबाजीचे बिल्ले पायरीपायरीने मिळतात: आधी 'ट्रेन्ड शॉट', मग 'स्किल्ड शॉट', त्यानंतर 'मार्क्समन'. त्याही वर 'कॅडेट हंड्रेड' असतो. तो मिळविण्यासाठी सरे परगण्यातील बिस्ली येथे देशभरच्या कॅडेटांशी स्पर्धा करावी लागते. बिस्लीचे मैदान १८९० पासूनचे. त्यापूर्वी राष्ट्रीय स्पर्धा विम्बल्डनला भरत. १८६० साली तेथे पहिली गोळी व्हिक्टोरिया राणीने झाडली. बंदूक आधीच नेम धरून चौकटीत घट्ट बसविलेली होती; राणीने केवळ रेशमी दोरी ओढली. गोळी मध्याच्या अगदी जवळ लागली. आमच्या नियमांनी मात्र राणीसाहेबांना एकही बिल्ला मिळाला नसता, कारण जे मोजावयाचे ते सारे त्या चौकटीनेच केले होते.

मोजावयाचे काय, तर मुलाचे शरीर. प्रशिक्षणात चार तत्त्वे पाठ करून घेतली जातात. बंदुकीला पुरेसा आधार मिळेल इतकी बैठक आणि पकड पक्की असावी. बंदूक ओढाताण न करता आपसूक लक्ष्याकडे वळलेली असावी. डोळा, दर्शक आणि लक्ष्य यांचा मेळ अचूक असावा. आणि गोळी सुटताना व सुटल्यानंतरही बैठक ढळू नये. यांतील दुसरे तत्त्व शिकविणे सर्वांत अवघड. पालथे पडलेले मूल बंदूक मनगटाने लक्ष्याकडे ढकलते आणि नेम लागला असे समजते. आम्ही त्याला डोळे मिटून दोन श्वास घ्यावयास सांगतो. डोळे उघडल्यावर बंदूक बाजूला गेलेली दिसते. मग मनगटाला हात न लावता सगळे अंगच थोडे सरकवावयाचे. हे समजण्यास कोणाला एक संध्याकाळ लागते, कोणाला एक हिवाळा.

त्यानंतर येतो तो गोळ्यांचा पुंजका. नवख्या मुलाच्या पाच गोळ्यांपैकी एक मध्यात लागते, चार कागदभर विखुरतात आणि ते आनंदाने ओरडते. शेजारच्या मुलीच्या पाचही गोळ्या मध्यापासून दूर, डावीकडे खाली, पण एका नाण्याखाली झाकता येतील अशा पडलेल्या असतात, आणि ती रडकुंडीला येते. प्रशिक्षक मात्र तिच्याच कागदावर खूश होतो. तिचे काही चुकलेले नसते. दर्शकाचा स्क्रू फिरवला की पुढचा पुंजका मध्यावर येतो. पहिल्या मुलासाठी फिरविता येईल असा स्क्रू कोठेही नाही. म्हणूनच परीक्षा आधी पुंजक्याची असते, गुणांची नंतर.

हे सारे होण्याआधी बंदूक हाताळण्याची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ती झाल्याशिवाय गोळी हाती पडत नाही. मोठ्या बंदुकीचे नाव एल ९८ ए २. ती लष्कराच्या बंदुकीचीच बहीण आहे, मात्र एका दाबाला एकच गोळी सुटते. झाडलेली पुंगळी उजवीकडे उडत असल्याने डावखुऱ्या मुलांनाही ती उजव्याच खांद्याला लावावी लागते. मैदान सोडण्यापूर्वी प्रत्येक मुलाने अधिकाऱ्यासमोर उभे राहून सांगावयाचे असते की, आपल्याजवळ एकही जिवंत गोळी वा रिकामी पुंगळी नाही.

आता आजींच्या शंकेचा गाभा. बंदूक हे खेळणे नव्हे, ती माणसे मारण्यासाठी घडविलेली वस्तू आहे, हे मी कोणत्याही पालकापासून लपवीत नाही. कॅडेट हे सैनिक नसतात, त्यांना युद्धावर बोलाविता येत नाही, हे खरे. पण संघटनेमागे संरक्षण खाते आहे, हेही तितकेच खरे.

काहीजण म्हणतात, आपले पूर्वज मुंबईच्या सैन्यात सुभेदार होते; मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये उभारणारे सॅम्युएल दिवेकरही सैन्यातलेच; तेव्हा बंदूक आपल्याला परकी नाही. हा युक्तिवाद मला पटत नाही. पणजोबांनी पोटासाठी पत्करलेली नोकरी हे पणतीच्या अर्जावर सही करण्याचे कारण होऊ शकत नाही. तिला नेमबाजी आवडते का, एवढेच विचारावे.

ज्या घराला बंदूक नकोच, त्यांनी ज्यूइश लॅड्स अँड गर्ल्स ब्रिगेडकडे पाहावे. ती १८९५ मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमधील स्थलांतरितांच्या मुलांसाठी कर्नल आल्बर्ट गोल्डस्मिड यांनी सुरू केली. हे गृहस्थ १८४६ साली आपल्या पुण्यात जन्मले. इंदापूर तालुक्याची जमीनमोजणी करणारे हेन्री गोल्डस्मिड ते यांचेच वडील. कवायत आणि गणवेश यांपासून निघालेल्या या संघटनेचा भर आज शिबिरे, समाजसेवा आणि ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार यांवर आहे.

शेवटी शनिवारचा प्रश्न, कारण शिबिरे बहुधा शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतात. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक आपल्याला शनिवार तेली म्हणत. बाहीवरच्या बिल्ल्यासाठी तो शनिवार सोडावा, असे मी कोणालाही सुचविणार नाही. आमच्या तुकडीत दोन मुलांनी हे आधीच लेखी कळविले, तेव्हा त्यांची परीक्षा रविवारी घेण्यात आली. त्यासाठी वेगळी विनवणी करावी लागली नाही. फक्त महिनाभर आधी सांगावे लागले, कारण मैदानाची वेळ तेवढी आधी ठरते.

संमतीचे अर्ज मी आणले आहेत. ते येथे भरू नका, घरी न्या, आणि सही करण्याआधी मुलांना शेजारी बसवून वाचा. ज्यांना चष्मा आहे त्यांनी पहिल्या दिवशी तो घेऊनच यावे.