रयतमाउली लक्ष्मीबाई

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्यास त्यांनी वसतिगृह काढले. तेथे नाना जातींची मुले एकत्र राहू-जेवू लागली. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना हे प्रथम सोपे गेले नाही. परंतु हळूहळू ती सारी मुले त्यांचीच झाली. मुलांच्या अन्नासाठी एकेक दागिना गेला. एकदा भाऊराव बाहेरगावी असता धान्य संपले, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. विपुलतेतून देणारे पुष्कळ. सौभाग्यलेण्यापेक्षा परक्या मुलाची भाकरी मोलाची मानणारी माउली विरळाच!