उरलेले तेरा सामने

(वस्त्यांमध्ये मुलींचे गट चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)

सकाळपासून आपण रेशन, बचत गट, कोर्टाच्या तारखा यांवर बोललो. आता जेवणानंतर मी फुटबॉलवर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या, ते मला दिसलं. हसा खुशाल. वस्तीत मुलींचा संघ काढला तेव्हा मलाही या खेळातलं काही कळत नव्हतं. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत गटकार्य शिकले, वस्तीकाम शिकले. ऑफसाइड म्हणजे काय, ते मात्र मला एका चौदा वर्षांच्या मुलीने जमिनीवर चपला मांडून शिकवलं.

यंदा आमच्या मुली नऊ सामने खेळल्या. सात हरल्या, एक बरोबरीत सुटला, एक जिंकल्या. सातव्यांदा हरून लोकलने परत येताना एकजण म्हणाली, “ताई, हरायचंच ठरलंय तर खेळायचं कशाला?” मला उत्तर सुचलं नाही. खिडकीबाहेर बघत बसले. त्या प्रश्नाच्या नादाने मी हरणाऱ्या संघांबद्दल वाचायला लागले आणि मला एका संघाची गोष्ट सापडली. ती आज तुम्हाला सांगते.

संघ इंग्लंडमधला. दक्षिण यॉर्कशायरमधलं डॉनकॅस्टर हे कोळसा खाणींच्या भागातलं गाव. १९८४-८५च्या खाणकामगारांच्या संपात याच भागातल्या बायकांनी स्वयंपाकघरं चालवली, मोर्चे काढले, हे आपल्यातल्या काहीजणींना माहीत असेल. त्याच्या पंधरा वर्षं आधी, १९६९ साली, तिथल्या बेल व्ह्यू या मैदानावर पुरुषांच्या सामन्यांना सोडतीची तिकिटं विकणाऱ्या काही मुलींनी ठरवलं, की आपणही खेळायचं. मैदानाच्या नावावरून संघाला ‘बेल्स’ म्हणायला लागले. पुढे ‘डॉनकॅस्टर बेल्स’ झाला.

तिकिटं विकता विकता संघ काढला, हे आज सोपं वाटतं. तेव्हा ते तसं नव्हतं. इंग्लंडमध्ये बायका फुटबॉल पूर्वीपासून खेळत होत्या. पहिल्या महायुद्धात कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींचे संघ निघाले आणि त्यांच्या सामन्यांतून जखमी सैनिकांसाठी, गरजूंसाठी निधी उभा राहिला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला सुमारे ५३ हजार माणसं आली होती. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तिथल्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला: हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, क्लबांनी त्यांना आपली मैदानं देऊ नयेत. शिवाय सामन्यांच्या पैशांच्या हिशोबाबद्दलही शंका घेतली. शरीर आणि हिशोब! बाईला बाहेर काढायचं असलं की ही दोन कारणं कुठल्याही देशात, कुठल्याही काळात हाताशी असतात. ही बंदी जवळपास पन्नास वर्षं चालली. बेल्स उभ्या राहिल्या त्या तिच्या शेवटच्या दिवसांत.

आणि कशा उभ्या राहिल्या! १९८३ ते १९९४ या बारा वर्षांत त्या राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यात अकरा वेळा पोचल्या. सहा वेळा चषक जिंकला. १९९१-९२ मध्ये बायकांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली, तिचं पहिलं विजेतेपद त्यांचंच. त्यांच्यातली गिलियन कूल्टार्ड देशासाठी ११९ सामने खेळली आणि पोटासाठी कारखान्यात काम करत राहिली. खेळाचा पगार नव्हताच. दिवसभर नोकरी, संध्याकाळी सराव. आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांचा दिवस असाच जातो, ते मी सांगायला नको.

आता २०१३च्या हंगामाकडे येते. २०११ साली असोसिएशनने बायकांसाठी नवी वरिष्ठ साखळी सुरू केली होती. निवडक आठ संघ, त्यात बेल्स. एव्हाना त्यांचे वैभवाचे दिवस सरले होते, गुणतक्त्यात त्या खाली असायच्या. तरी वरच्या आठांत होत्या. २०१३चा हंगाम एप्रिलमध्ये सुरू झाला. प्रत्येकीशी दोनदा, म्हणजे एकूण चौदा सामने. बेल्सचा एक सामना झाला आणि असोसिएशनने जाहीर केलं: पुढच्या वर्षापासून साखळीचे दोन विभाग होणार, वरच्या विभागात बेल्स नसतील. त्यांची जागा मँचेस्टर सिटीला. सिटीच्या बायका त्या वेळी खालच्या स्पर्धेत खेळत होत्या, पण त्यांच्यामागे जगातल्या श्रीमंत क्लबांपैकी एक उभा होता.

निवड अर्जांवरून झाली. निकष कोणते? आर्थिक व्यवस्थापन, व्यापारी टिकाऊपणा, मैदान आणि सोयी, खेळाडूंचा विकास. मैदानावर काय घडलं याची त्यात गरजच नव्हती. हंगाम तर पुरता सुरूही झाला नव्हता. बेल्सनी अपील केलं, ते फेटाळलं गेलं.

डोळ्यांसमोर आणा. चौदातला एक सामना झालाय, तेरा उरलेत. ते सगळे जिंकलात तरी तुम्ही खालीच जाणार, हे लेखी ठरलंय. खेळायचं का? आमच्या मुलीचा प्रश्न तो हाच.

बेल्स खेळल्या. उरलेले तेराही सामने. परीकथेसारखा शेवट मात्र झाला नाही, त्या तक्त्यात शेवटच्या आल्या. मग लोक म्हणाले असतील, बघा, निर्णय बरोबरच होता. आधी पायाखालची फळी काढायची आणि मग म्हणायचं, हिला उभंच राहता येत नव्हतं!

पुढचंही सांगते. खालच्या विभागात त्या २०१४ मध्ये दुसऱ्या आल्या, पण वर एकच जागा होती. २०१५ मध्ये पुन्हा दुसऱ्या आल्या आणि या वेळी खेळून, गुण मिळवून परत वर गेल्या. २०१६ मध्ये वरच्या तक्त्यात पहिलं नाव मँचेस्टर सिटीचं होतं आणि शेवटचं बेल्सचं. पुन्हा खाली. २०१७-१८ मध्ये बेल्सनी तो खालचा विभाग जिंकला. आणि जिंकल्यानंतर, २०१८च्या उन्हाळ्यात, पैसा नसल्यामुळे त्यांना त्या विभागातूनही माघार घ्यावी लागली. मैत्रिणींनो, हरल्या म्हणून नाही, जिंकून बाहेर पडल्या.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. मँचेस्टर सिटीच्या खेळाडूही बायकाच आहेत. त्यांना पगार मिळाला, डॉक्टर मिळाला, चांगलं मैदान मिळालं, याचा मला आनंदच आहे. बेल्सच्या काळातल्या मुली नोकरीवरून थकून सरावाला यायच्या, त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. गरिबी हा काही गुण नव्हे. त्या काळात बेल्समध्ये खेळणारी मिली ब्राइट पुढे मोठ्या क्लबात गेली आणि २०२३च्या विश्वचषकात इंग्लंडची कर्णधार झाली. तिने जाऊ नये असं कोण म्हणेल? पैसा यायलाच हवा. माझा प्रश्न इतकाच, की पैसा आला तेव्हा ज्यांनी चव्वेचाळीस वर्षं हे उभं केलं त्यांच्या कामाला निकषांच्या यादीत एक ओळ तरी होती का? आणि ती यादी करताना त्यांना कुणी विचारलं होतं का?

हे दूरच्या देशातलं वाटत असेल तर आपल्या गटांकडे बघा. आपण घरोघर फिरून बचत गट बांधतो, मग एक दिवस कुणीतरी येऊन ‘तुमचं रजिस्टर बरोबर नाही’ म्हणून तोच गट आपल्या योजनेत ओढतं. आणि खेळाचंच बोलायचं तर आपल्या कोल्हापूरकडे बघा. तिथे पाटाकडील, खंडोबा अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा गाव लोटतं. तालीम, पेठ, घराणं सगळं पुरुषांच्या संघामागे पिढ्यान्‌पिढ्या उभं असतं. मुलींच्या संघामागे कोण उभं असतं? बहुतेक वेळा एक ताई आणि एक उधारीचा चेंडू.

त्या मुलीला उत्तर द्यायला मला दोन महिने लागले. सगळ्यांना बसवून आम्ही वहीत लिहिलं: सातही सामने कुठे हरलो? दोन सामने खरोखर मैदानावर हरलो. समोरच्या मुली चांगल्या खेळल्या, आमचा बचाव कच्चा होता. एक हरलो कारण आमची गोलकीपर आलीच नाही. त्या दिवशी नळाला पाणी उशिरा आलं आणि आई कामावर गेलेली. दोन हरलो कारण आठवडाभर सरावाला मैदान मिळालं नाही. मुलांचा क्रिकेटचा सामना होता. एकात दोघींच्या घरी पाहुणे बघायला आले होते, सोळाव्या वर्षी. आणि एक हरलो तो आधीच्या हारांनी मन खचलं म्हणून.

वही बघून तीच मुलगी म्हणाली, “म्हणजे आपण नळावर पण हरलो.”

तर मैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच आहे. हार झाली की आधी विचारा, ती कुठे ठरली? मैदानावर ठरली असेल तर सराव करू. नळावर, घरात, कुणाच्या कार्यालयात ठरली असेल तर तिथे जाऊन भांडू. दोन्हींची गल्लत झाली की मुली स्वतःलाच नालायक समजायला लागतात, आणि व्यवस्थेला तेच हवं असतं. आणि तोवर खेळायचं. कारण उरलेले तेरा सामने बेल्सनी सोडले असते, तर दोन वर्षांनी वर जायला संघच उरला नसता.

शेवटी एक अडचण, जिचं उत्तर माझ्याकडे नाही. हंगाम संपल्यावर एक मोठी संस्था आमच्याकडे आली. त्यांच्याकडे मैदान आहे, बूट आहेत, प्रशिक्षक आहे. त्यांना आमच्यातल्या चार मुली हव्या आहेत. बाकीच्या अकराजणींचं काय, असं विचारल्यावर त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. पुढच्या रविवारी मुलींची आणि त्यांच्या आयांची बैठक आहे. मी ठरवणार नाही, त्या ठरवतील. पण निकषांची यादी या वेळी आमच्या बाजूनेही व्हावी, म्हणून ती लिहायला घेतलीय. पहिली ओळ मुलींनीच सांगितली: “सरावाची वेळ पाणी भरून झाल्यावर.”

दुसरी ओळ काय असावी, ते आता तुम्ही सांगा. त्यासाठी अर्धा तास राखून ठेवला आहे.