सांगोल्याचे आबा : एका आमदाराची पन्नासावर वर्षे
(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



मला विषय दिला आहे ‘लोकप्रतिनिधी कसा असावा’. विषय मोठा, वेळ थोडा. म्हणून एकाच माणसाबद्दल बोलतो. सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे आमदार भाई गणपतराव देशमुख, तालुका त्यांना आबा म्हणायचा. ते आपल्या पक्षाचे नव्हते, शेतकरी कामगार पक्षाचे. पण अगदी परकेही म्हणू नका. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीत शे.का. पक्ष आणि आपले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एकाच मांडवात होते.

१९६२ ला ते पहिल्यांदा निवडून आले, २०१४ ला अकराव्यांदा. पेपरवाले विक्रम विक्रम करतात. तिकडे केरळात के. एम. मणी तेरा वेळा निवडून आले, तेव्हा विक्रमाचे राहू द्या. मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते त्यांचे दोन पराभव. १९७२ ला ते पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला पुन्हा पडले, १९९९ ला पुन्हा आले. पडलेला माणूस आज काय करतो ते तुम्ही बघताच आहात. दुसऱ्या दिवशी दुसरा झेंडा! हे मात्र त्याच लाल बावट्याखाली, त्याच तालुक्यात राहिले.

मंत्रिपद दोनदाच मिळाले. १९७८ ला पुलोद सरकारात आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या सरकारात. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर. मग आमच्यातले काही विचारतात, सत्ता नाही तर आमदार करतो काय? अहो, विरोधी आमदाराच्या हातात तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी असते, कपात सूचना असते. मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि ते छापले जाते. हे हत्यार वापरायचे तर सभागृहात बसावे लागते, कागद वाचून यावे लागते. आबा वकील होते, तरी त्यांची वकिली खरी चालली ती दुष्काळाची.

सांगोला म्हणजे कायमचा अवर्षणाचा तालुका. कृष्णेचे पाणी वर उचलून दुष्काळी भागाला द्या, यासाठी नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबा यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसे एकत्र केली. आटपाडीला पाणी परिषदा भरायच्या. १९९३ पासूनचा हा लढा. टेंभूचे पाणी तिकडे पोहोचायला पुढे किती वर्षे गेली! पण मागणी सुटली नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. मी गिरणीतला माणूस, चात्यांचा आवाज कानात घेऊन झोपणारा. सांगोला काही कापसाचा मुलूख नव्हे. तरी तिथे आबांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली. सहकारी गिरण्या कशा काढतात आणि कशा खातात, हे मी वेगळे सांगायला नको. तालुक्यातल्या पोराला पाळीवर काम मिळावे, एवढा साधा हिशोब त्यामागे होता. आणि एवढ्या संस्था हातात असून माणूस एसटीने फिरायचा.

मी आरती ओवाळायला उभा नाही. एक गोष्ट मला खटकते. एवढ्या वर्षांत राज्यातला पक्ष आटत गेला. आबांनी २०१९ ला वयामुळे उमेदवारी घेतली नाही, तेव्हा नातू अनिकेत उभा राहिला आणि ७६८ मतांनी पडला. ३० जुलै २०२१ ला आबा सोलापुरात वारले. २०२४ ला दुसरा नातू, बाबासाहेब देशमुख, निवडून आला. तालुक्याने प्रेमाने दिले हे खरे. पण पन्नास वर्षांच्या चळवळीत घराबाहेरचा एखादा कार्यकर्ता त्या जागेसाठी तयार व्हायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे उमेदवार येतो, मूर्तीला हार घालतो, मंडळाला स्पीकर नाहीतर खुर्च्या देतो आणि जातो. पुढच्या वेळी आला की समितीने त्याला खुर्ची द्यावी, पाणी द्यावे आणि विचारावे, साहेब, पाच वर्षांत सभागृहात आमच्या वस्तीबद्दल किती प्रश्न टाकले? यादी आणा, इथे फळ्यावर लावू. महिला मंडळाने हे काम अंगावर घेतले तर उत्तमच. त्या सोडत नाहीत!

एवढे बोलून रजा घेतो. जय भीम!