'टक' वाजलं म्हणजे बेल्ट लागला का?

आजचा विषय आहे गाडीचा सीट बेल्ट. बेल्ट लावा, असं सगळेच सांगतात. पण लावलेला बेल्ट वेळेवर काम करेल का, हे कोण बघतं? मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे सगळ्यात वाईट बग कोणता, तर जो एरर दाखवत नाही तो. खराब बेल्ट अगदी तसाच असतो. रोज 'टक' वाजतो, आणि दगा देतो तो एकदाच.

आधी हिशोब बघा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी धडकली, तर बेल्ट नसलेला माणूस पुढे आदळतो तो साधारण १४ मीटरवरून, म्हणजे चौथ्या मजल्यावरून पडल्यासारखा. कोहमारा-देवरीच्या हायवेवर आपण ६० ने चालवतो का, तुम्हीच सांगा!

४ सप्टेंबर २०२२. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी, मर्सिडीज. गाडीत चार जण. मागच्या सीटवरचे दोघं गेले. त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले.

आता बेल्टच सदोष असेल तर? डिसेंबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीने ९,१२५ गाड्या परत तपासायला बोलावल्या. सियाझ, ब्रेझा, अर्टिगा, एक्सएल६ आणि ग्रँड विटारा. पुढच्या बेल्टची उंची कमी-जास्त करायचा जो भाग असतो, त्यात दोष असल्याची शक्यता होती. बेल्ट सुटून येऊ शकला असता. त्याआधी, १९९५ मध्ये अमेरिकेत टकाटा कंपनीच्या बेल्टमुळे ८० लाखांहून जास्त गाड्या रिकॉल झाल्या. कारण काय, तर बकलच्या लाल बटणाचं प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होऊन तुटायचं आणि तुकडे आत अडकायचे. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात गाडी लावताना हे आठवा.

आणि एक दोष आपण विकत आणतो. बीप बंद करायची ती क्लिप! २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना ती विकायला मनाई केली. १३,११८ लिस्टिंग काढल्या गेल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर ही क्लिप म्हणजे बग तसाच ठेवून अलर्ट म्यूट करणं.

मग करायचं काय? पाच मिनिटांचं काम आहे.

एक, गाडी उभी असताना पट्टा झटक्यात ओढा. जागीच लॉक व्हायला पाहिजे.
दोन, पट्टा पूर्ण बाहेर काढा. कडा उसवल्यात का, कुठे कापलाय का, बघा. शिवून वापरू नका, बदला.
तीन, सोडल्यावर तो आपोआप आत जातो का? ढिला राहिलेला बेल्ट उशिरा धरतो.
चार, बकल लावून जोरात ओढा. मागच्या सीटचे पण. बऱ्याच गाड्यांत ते सीट कव्हरखाली गाडलेले असतात, आधी बाहेर काढा.
पाच, आरसीवरचा चेसिस नंबर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला देऊन रिकॉल आहे का विचारा. दोष निघाला तर रिकॉलमधलं काम फुकट होतं.

जुनी गाडी घेताय? मोठा अपघात झालेला असेल तर बेल्ट बदललाय का, हे आधी विचारा. बेल्ट ओढून धरणारा प्रीटेन्शनर एकदाच उडतो. नंतर बेल्ट दिसतो तसाच, पण ती ताकद गेलेली असते.

आता लग्नसराईत गाडी भरून निघाल, तेव्हा मागे बसलेल्या काकूंना पण बेल्ट लावायला सांगा. चिडल्या तर चिडू द्या. भेटू पुढच्या भागात!