व्यायामाची जमीन

(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त रामनगर येथे झालेले भाषण)



व्यायाम कोणता करावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. तो कशावर उभे राहून करावा, एवढेच मी आज सांगणार आहे.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरची मुळे जुन्या सुपा गावात आहेत. काळी नदीवरील धरणात ते गाव बुडाले आणि ती कुटुंबे येथे रामनगरात आली. त्या काळच्या सारवलेल्या जमिनीवर पाय घट्ट बसत असे, आणि हातापायांना दणकाही कमी बसे. आज घरोघरी गुळगुळीत फरशी आली. ती पुसावयास सोयीची खरी. परंतु आपल्या पावसाळ्यात दमट हवा थंड फरशीला लागली की तिला घाम फुटतो.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. वडिलांनी जन्मभर सारवलेल्या जमिनीवर सूर्यनमस्कार घातले. नव्या घरात त्यांनी फरशीवर सतरंजी अंथरली. तिसऱ्याच नमस्काराला सतरंजी सरकली आणि मनगट मोडले. व्यायाम जुनाच होता, जमीन तेवढी नवी होती.

मोठमोठ्या मल्लांनाही हे चुकले नाही. लाल मातीत वाढलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गादीवर कुस्ती खेळले व सहावे आले. गादीची सवय केल्यावर १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. जमीन बदलली की पायांनाही नव्याने शिकावे लागते.

तेव्हा घरी काय करावे? फरशी आधी कोरडी पुसावी. हलणारी लादी असेल ती जागा टाळावी. नुसती सतरंजी नको. न सरकणारी रबरी चटई घ्यावी. आसनांना व नमस्कारांना चार ते सहा मिलिमीटर जाडी पुरते. अंथरल्यावर तळहाताने जोराने रेटून पाहावी. सरकली तर ती उपयोगाची नाही. कडा वर वळलेल्या असतील तर पाय अडखळतो. झोपावयाची गादीही नको, तिच्यावर मनगट दबते आणि घोटा मुरगळतो. मोजे काढून अनवाणी उभे राहावे. दोरीवरच्या उड्या फरशीवर मारू नयेत. त्यांना अंगणातील सपाट, कोरडी माती बरी. मात्र पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात पाऊलही टाकू नये. चटई घामाने ओली होते, म्हणून ती दोन्ही बाजूंनी पुसून वाळवावी.

वृद्धांनी भिंतीजवळ, हाताला आधार मिळेल अशा जागी व्यायाम करावा. उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो, आणि त्याच्याबरोबर सारे घर खिळते. पण या भीतीने व्यायाम सोडणे हाही उपाय नव्हे. पायांतील बळ गेले की पडण्याचा धोका वाढतोच.

माझे वडील मनगट बरे झाल्यावर पुन्हा नमस्कार घालू लागले, ते चटईवर. आज घरी गेल्यावर आपणही आपली सतरंजी एकदा रेटून पाहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.