फॉरेन्सिकला पाठवू का?



सकाळच्या चहापासून तुमच्यापैकी चौघांनी मला एकच प्रश्न विचारला, "मुलगी बारावीला आहे, फॉरेन्सिक करायचं म्हणते. पाठवू का?" नोकरीची सगळी वर्षं याच कामात गेल्यामुळे सगळ्यांना इथूनच उत्तर देते.

आधी एक गोंधळ दूर करू. शवविच्छेदन करतो तो डॉक्टर. त्या वाटेला जायचं तर एम.बी.बी.एस. आणि मग न्यायवैद्यकशास्त्रात एम.डी. आम्ही प्रयोगशाळेतले. आमच्याकडे येतो तो मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवलेला व्हिसेरा, रक्ताचे कपडे, काडतुसं, मोबाइल. पहिलं काम काय? बाटलीवरचं लाखेचं सील शाबूत आहे का आणि सोबतच्या नमुना-सीलशी जुळतं का, ते पाहणं. टीव्हीवर हे दाखवत नाहीत, पण कोर्टात उलटतपासणी इथूनच सुरू होऊ शकते.

संधी वाढताहेत, हे खरं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे माणसं लागणार. शिक्षणाचं म्हणाल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरला राष्ट्रीय विद्यापीठ आहे, त्याचा परिसर गोव्यातही आहे. तरी माझा सल्ला असा, की आधी रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्रातली साधी बी.एस्सी. पक्की करावी, फॉरेन्सिक एम.एस्सी.ला घ्यावं. सरकारी जागा मिळाली नाही, तरी औषध कंपनीचं दार उघडं राहतं. आणि पदवी निवडण्याआधी या पदांच्या जुन्या जाहिराती काढून पात्रता वाचा.

आता खरा प्रश्न स्वभावाचा. १९८६ साली इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये दोन शाळकरी मुलींच्या खुनांचा तपास चालू होता. सतरा वर्षांच्या एका मुलाने त्यातल्या एका खुनाची कबुलीही दिली होती. अॅलेक जेफ्रीज यांनी डीएनए तपासला आणि निष्कर्ष निघाला, की दोन्ही गुन्हे एकाच पुरुषाचे, पण तो पुरुष हा मुलगा नव्हे. खुनाच्या तपासात डीएनए पहिल्यांदा वापरला गेला, तो निरपराध माणसाला सोडवण्यासाठी. खऱ्या गुन्हेगाराला १९८८ मध्ये जन्मठेप झाली.

म्हणून मुलीला "गुन्हेगार पकडायला आवडेल का?" असं विचारू नका. पोलीस घाईत आहेत, वर्तमानपत्रांनी निकाल लावून टाकलाय, समोर मृताची आई आहे, आणि नमुन्यात विष सापडलेलं नाही. अशा वेळी "विष आढळले नाही" एवढंच लिहून खाली सही करता येईल का, हे विचारा. आपल्याला वाटतं ते बाजूला ठेवायचं आणि दिसलं तेवढंच लिहायचं. आपल्या शाळेच्या प्रयोगवहीत निरीक्षण आणि अनुमान असे दोन वेगळे रकाने आखायला लावत. माझी सगळी नोकरी त्या दोन रकान्यांमधली रेघ सांभाळण्यात गेली.

ही रेघ तिला सांभाळता येत असेल, तर जरूर पाठवा. वासाची सवय होते.