अर्जातील एक रकाना

(संस्थेच्या वार्षिक सभेत व्यसनमुक्ती व समुपदेशन विभागाच्या वतीने केलेले भाषण)



वार्षिक सभेत प्रत्येक विभाग आपापला लेखाजोखा आपल्यापुढे मांडतो. शस्त्रक्रिया किती झाल्या, नवे यंत्र कोणते आले, कोणत्या कक्षाचे नूतनीकरण झाले, हे आकड्यांत सांगता येते. आमच्या विभागाचे काम असे मोजता येत नाही. उपचार घेऊन माणूस रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पडतो, तेव्हा आमच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'घरी सोडले' एवढीच नोंद होते. घरी गेल्यावर त्याला काम मिळते का, या प्रश्नासाठी त्या वहीत रकाना नाही. आज त्याच विषयावर चार शब्द बोलावेत, असे आम्ही ठरविले आहे.

आमच्याकडे नियमित येणाऱ्या एका गृहस्थांची हकिकत सांगतो. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ते कारखान्याच्या कामगारांची बस चालवीत असत. मद्यपान करून वाहन चालविल्याबद्दल त्यांना दोन वेळा शिक्षा झाली. दुसऱ्या खेपेस नोकरी गेली. त्यानंतर घरच्यांनी त्यांना आमच्याकडे आणले. उपचारांनंतर चौदा महिने त्यांनी दारूला स्पर्श केला नव्हता. एके दिवशी नोकरीचा एक अर्ज हाती घेऊन ते आमच्यापुढे बसले. सगळा अर्ज सुवाच्य अक्षरांत भरलेला होता. एकच रकाना कोरा होता. 'आपणांस कोणत्याही न्यायालयाने शिक्षा केली आहे काय? असल्यास तपशील द्यावा.' ते म्हणाले, "भाऊ म्हणतो, 'नाही' लिहून टाक. बायको म्हणते, खरं लिहा. तुम्ही सांगा, काय लिहू?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी कायदा काय सांगतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम १८५ नुसार, शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पूर्वी या दंडाची कमाल मर्यादा दोन हजार रुपये होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती रक्कम दहा हजार रुपये झाली. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय, या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीस न्यायालयाने किमान सहा महिने वाहन परवान्यासाठी अपात्र ठरवावे, असे याच अधिनियमाचे कलम २० सांगते. मुंबईत वाहतूक पोलिसांनी २००७ पासून श्वासचाचणीची मोहीम नेटाने राबविली, तेव्हापासून हे कलम सामान्य वाहनचालकाच्याही परिचयाचे झाले.

ही शिक्षा कठोर आहे, अशी तक्रार आम्ही करणार नाही. आम्ही याच इमारतीत काम करतो. आमच्या विभागाच्या वरच्या मजल्यावर अस्थिरोग कक्ष आहे. रस्त्यावरून सरळ चाललेला माणूस कोणाच्या तरी बेफिकिरीमुळे पायाला सळई घालून तेथे पडून असतो, आणि त्याची आई पायाशी बसलेली असते. थोड्याशा मद्यानेही अंतराचा अंदाज चुकतो, ब्रेकवर पाय जाण्यास उशीर होतो आणि आपण व्यवस्थित चालवीत आहोत हा भ्रम मात्र वाढतो. त्या आईला ऐकवता येणार नाही असे एकही वाक्य या भाषणात असू नये, अशी आमची इच्छा आहे.

परंतु शिक्षेला शेवट असतो. दंड भरला जातो, कारावास संपतो, अपात्रतेची मुदतही संपते. कायद्याने घातलेली मर्यादा ओलांडल्यावरही समाजाची शिक्षा चालूच राहते, आणि तिची मुदत कोणी लिहून ठेवलेली नसते. आमचे म्हणणे या दुसऱ्या शिक्षेपुरते आहे.

मद्यासक्ती हा आजार आहे, हे वाक्य आपण अनेकदा ऐकले असेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थांचा स्पष्ट समावेश केला. २०१९ मध्ये केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असे आढळले की, मद्यावर अवलंबून असलेल्या दर अडतीस जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळालेले असतात. म्हणजे आमच्या दारापर्यंत पोहोचलेला माणूस आधीच मोठा पल्ला चालून आलेला असतो.

येथे आल्यावर पहिले काही दिवस शरीराचे असतात. दारू एकदम थांबविल्यावर हातांना कंप सुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या काही दिवसांत भास होतात, झटके येतात. म्हणून वर्षानुवर्षे पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू बंद करू नये, वैद्यकीय देखरेखीखालीच करावी, असे आम्ही कुटुंबियांना आवर्जून सांगतो. हा टप्पा औषधे आणि जीवनसत्त्वे यांच्या साहाय्याने पार पडतो. पुढचा टप्पा मनाचा, आणि तो दीर्घ असतो. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन मद्यासक्तांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. मुंबईत वांद्रे येथे फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशनची स्थापना केली. या सर्वांच्या अनुभवाचे सार एकच आहे: दारू सोडणे ही एका दिवसाची घटना असते, आणि सोडलेली ठेवणे हे रोजचे काम असते.

हे रोजचे काम रिकाम्या हातांनी फार अवघड जाते. पहिले वर्ष सर्वांत नाजूक. सकाळी मुले शाळेत जातात, पत्नी कामावर जाते आणि धडधाकट माणूस घरात एकटा उरतो. दुपार सरता सरत नाही. शेजारी विचारतात, "सध्या काय चाललंय?" जुने सोबती मात्र काहीच विचारत नाहीत, ते नुसते शेजारी बसायला जागा करून देतात. म्हणूनच 'पूर्ण बरा हो, मग काम देऊ' असे म्हणणारे सद्हेतूनेच बोलत असले, तरी त्यांचा क्रम चुकतो. वेळेवर उठणे, हजेरी देणे, महिनाअखेरीस पगार घरी आणणे यांचाही बरे होण्यात वाटा असतो.

आता त्या कोऱ्या रकान्याकडे वळू. 'नाही' लिहिण्याचा मोह आम्हांला समजतो. परंतु तसे लिहून काम मिळविलेल्यांची अवस्था आम्ही जवळून पाहिली आहे. चारित्र्य पडताळणीचा कागद कधी येईल या धास्तीत माणूस दिवस काढतो. कार्यालयात कोणी हाक मारली तरी छातीत धस्स होते. लपवाछपवी हा व्यसनाचा जुना सोबती. बाटली लपविणारा माणूस आता कागद लपवू लागतो. पुढे सत्य बाहेर येतेच, आणि तेव्हा नोकरी जाते ती शिक्षेपेक्षा खोटेपणासाठी.

म्हणून आम्ही त्या गृहस्थांना सांगितले, 'होय' लिहा. वर्ष लिहा, कलम लिहा, शिक्षा पूर्ण झाल्याचे लिहा. त्याखाली एकच ओळ लिहा की, त्यानंतर उपचार घेतले असून ते आजही चालू आहेत. न्यायालयाचा आदेश, दंडाची पावती आणि परवान्याची सद्यःस्थिती दाखविणारा कागद सोबत ठेवा. मुलाखतीत विचारले तेवढेच सांगा. सबब सांगू नका आणि स्वतःची निर्भर्त्सनाही करू नका. आमच्याकडील उपचारांची माहिती गोपनीय असते. रुग्णाने स्वतः लेखी संमती दिली, तरच आम्ही मालकाला पत्र देतो, आणि त्यात नियमित येण्याबद्दल लिहितो. 'हा माणूस पुन्हा कधीही पिणार नाही' असे प्रमाणपत्र आम्ही देत नाही. तसे कोणालाच देता येणार नाही.

त्या गृहस्थांनी दुसरा प्रश्न विचारला, तो पहिल्यापेक्षा कठीण होता. "मला स्टिअरिंगशिवाय दुसरं काही येत नाही. गाडी परत कधी हातात घेऊ?" वीस वर्षे 'ड्रायव्हरसाहेब' म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे; तो केवळ पोटाचा नाही. तरीही आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले की, कामावर परतणे आणि चाकावर परतणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली लवकर व्हावी. दुसरीची घाई नको. कदाचित ती कधीच होणार नाही. परवान्याची मुदत, वैद्यकीय मत, दीर्घकाळचा निर्व्यसनीपणा आणि मालकाची संमती हे सर्व जुळले, तरी दुसऱ्यांचे प्राण हाती असलेले काम अखेरचे मानावे. बसचालकाला गाडीच्या आवाजावरून बिघाड कळतो, रस्ते आणि अंतरे ठाऊक असतात, मालाची चढ-उतार कळते. दुरुस्ती विभाग, सुटे भाग भांडार, वाहनांच्या फेऱ्यांचे वेळापत्रक, फाटकावरील नोंदी अशा कितीतरी ठिकाणी हे ज्ञान उपयोगी पडते.

सभासदहो, इतरांना उपदेश करणे सोपे असते. आमच्याच विश्वस्त मंडळापुढे हा प्रश्न आला, तेव्हा आमचीही परीक्षा झाली. भांडारात प्राणवायूची नळकांडी आणि औषधांच्या पेट्या सांभाळण्यासाठी माणूस हवा होता, आणि आम्ही सुचविलेल्या उमेदवाराच्या नावावर याच गुन्ह्याची शिक्षा होती. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, "उद्या काही घडले, तर देणगीदारांना काय उत्तर द्यायचे?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर म्हणून आम्ही अटी लिहून काढल्या. कामावर येताना श्वासचाचणी. संस्थेचे कोणतेही वाहन हाती द्यायचे नाही. आरंभी रात्रपाळी नाही. पाठपुराव्याच्या दिवशी पगारी सुट्टी. पहिल्या वर्षी पगारातून उचल नाही, आणि त्याच्याच इच्छेनुसार पगार पत्नीसोबतच्या संयुक्त खात्यात. मद्यपान करून कामावर आल्यास त्या दिवशी घरी पाठवायचे. पिणे स्वतःहून सांगितल्यास उपचारांसाठी रजा, लपविल्यास नोकरी समाप्त. दोन्ही पक्षांनी या कागदावर सह्या केल्या.

सातव्या महिन्यात तो एकदा घसरला. दिवाळीनंतरच्या एका रात्री तो प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटकाच्या आत आला नाही, बाहेरच उभा राहून त्याने पहारेकऱ्याकरवी आम्हांला बोलावून घेतले आणि म्हणाला, "आज चाचणी घेऊ नका, मीच सांगतो." त्याला तीन आठवडे उपचारांसाठी रजा दिली. आज तो भांडारात काम करीत आहे. हे यश की अपयश, याचा निर्णय आम्ही आपल्यावर सोपवितो. आमच्या मते त्या सकाळी त्याला खरे बोलता आले, याचे बरेचसे श्रेय आधीच लिहून ठेवलेल्या त्या अटींना आहे.

कुटुंबियांना एक विनंती आहे. दारूच्या दिवसांत आपण कामाच्या ठिकाणी दूरध्वनी करून 'यांना ताप आहे' असे सांगत होता. ते प्रेमापोटी होते, पण त्याने आजार झाकला गेला. आता तसे करू नका. गाडीची किल्ली घरात दुसऱ्या कोणाकडे राहू द्या, आणि ती का राहते हे एकदा शांतपणे बोलून ठेवा. रोज तोंडाचा वास घेऊन पाहणे मात्र सोडा. तपासणीचे काम आमच्याकडे द्या आणि जेवणाच्या ताटावर दुसरे काही बोला.

देणगीदार बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेकांचे कारखाने, दुकाने, गोदामे आहेत. आपल्या देणगीतून खाटा आल्या, औषधे आली. यंदा आम्ही आणखी एक मागणे मागत आहोत. आपल्या आस्थापनेत वाहनाशी संबंध नसलेली एक जागा अशा एका माणसासाठी ठेवावी. अटींचा मसुदा आम्ही देऊ, पाठपुरावा आम्ही करू, आणि काही बिघडल्यास आपला दूरध्वनी येताच आमचे समाजसेवक आपल्याकडे येतील.

त्या बसचालक गृहस्थांनी रकान्यात 'होय' लिहिले. दोन ठिकाणांहून उत्तर आले नाही. तिसऱ्या ठिकाणच्या मालकांनी अर्ज वाचून स्वतः आम्हांला दूरध्वनी केला आणि विचारले, "यांनी हे सगळे आपण होऊन लिहिले आहे का?" आम्ही 'होय' म्हणालो. ते गृहस्थ सध्या त्या कारखान्याच्या दुरुस्ती विभागात आहेत आणि कामावर जाताना बसने जातात, प्रवासी म्हणून.